नानीचा दफ आणि ख्वारझमची लाझगी

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मधली सुट्टी झाली होती. मुलं डबे उघडून बसली होती आणि मी स्टाफरूममध्ये सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, धाकट्या मुलीने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता.

ही भाची उझबेकिस्तानात उर्गेंच शहरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इथल्या सरकारी कॉलेजातला नंबर थोडक्यात हुकला, खासगी कॉलेजची फी ऐकूनच दुल्हाभाईंनी हात जोडले आणि मग महाराष्ट्रातली अनेक मुलं-मुली हल्ली जातात त्या वाटेने तीही गेली.

व्हिडिओ मिनिटभराचा होता. ती ज्यांच्या घरी राहते, त्या दादींच्या नातवाचं लग्न होतं. खोलीत गालिचे अंथरलेले. भिंतीला लागून बायका बसलेल्या. मध्ये नान, सुका मेवा, चहाच्या किटल्या. एक बाई दफ वाजवत होती, दुसरीच्या मांडीवर लहानसं अकॉर्डियन होतं. आणि मध्ये उभ्या होत्या त्या दादी, सत्तरी ओलांडलेल्या, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला. त्यांनी उजवा हात वर केला. बाकी अंग स्तब्ध, फक्त बोटं थरथरत होती. मग ती थरथर मनगटात उतरली, तिथून खांद्यात गेली. दफ जलद झाला तशी मान डोलू लागली, गुडघे लवू लागले. पाय मात्र जागचे फारसे हलले नाहीत. बायका टाळ्या देत होत्या आणि दादींच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जसं आपल्याकडे पहिल्या नातवाला मांडीवर घेतल्यावर येतं.

खाली भाचीने लिहिलं होतं, ‘याला लाझगी म्हणतात. इथे लग्नात सगळ्या दादी करतात.’

मी तो तीनदा बघितला. संध्याकाळी घरी गेल्यावर अम्मीला दाखवला. आमच्या घरात उर्दू मिसळलेली मालवणी चालते. अम्मी चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, “परत लाव गे. माझ्या आवशीची बोटां अशीच हलत.”

तिची आई म्हणजे माझी नानी. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी त्याच रात्री काय झालं ते सांगते.

ग्रुपवर आमच्या एका बुजुर्गांनी लिहिलं, ‘मुलीला डॉक्टर व्हायला पाठवलं की नाच बघायला?’ त्यावर कोणी अंगठा दाखवला, कोणी ‘तौबा’ लिहिलं. भाचीने व्हिडिओ काढून टाकला. दुल्हाभाईंनी तिला फोन केला. काय बोलले ते आपाने मला दुसऱ्या दिवशी रडत सांगितलं. पुढच्या वर्षीची फी भरायची की मुलीला परत बोलवायचं, याचा विचार करतो म्हणाले. त्यानंतर चार दिवस भाचीने कोणाचाच फोन उचलला नाही.

एका म्हातारीची बोटं थरथरली आणि दोडामार्गातल्या एका मुलीचं शिक्षण टांगणीला लागलं. मला झोप येईना. शिक्षकी पेशाची सवय अशी की, एखादी गोष्ट कळली नाही तर मी आधी तिच्याबद्दल वाचते. तसं वाचायला बसले.

उर्गेंच हे ख्वारझम प्रांताचं मुख्य शहर. उझबेकिस्तानच्या पश्चिमेला, अमू दर्या नदीच्या पाण्यावर फुललेला हा मुलूख, भोवती वाळवंट. तिथून तीसेक किलोमीटरवर खिवा हे तटबंदीचं जुनं शहर. या मातीचं आपल्यावर केवढं ऋण आहे! गणितातला ‘अल्जेब्रा’ हा शब्द ज्यांच्या ग्रंथाच्या नावातून आला आणि संगणकवाल्यांचा ‘अल्गोरिदम’ ज्यांच्या नावावरून पडला, ते अल-ख्वारिझ्मी याच मुलखाच्या नावाने ओळखले जातात. हिंदुस्थानावर अरबीत मोठा ग्रंथ लिहिणारे अल-बिरूनी यांचा जन्म 973 मध्ये ख्वारझमचाच. आणि आमच्या वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की ‘उर्दू’ हा शब्दच मुळात तुर्की आहे, तसे चाकू, कैची, तोफ आणि बेगमही. उझबेक ही तुर्की कुळातलीच भाषा. भाची सांगते, तिकडे थोरल्या बहिणीला ‘ओपा’ म्हणतात, शाळेला ‘मकतब’, पुस्तकाला ‘किताब’ आणि कोणी काही दिलं की ‘रहमत’ म्हणून शुक्रिया अदा करतात.

उझबेकी नाचाच्या तीन मोठ्या तऱ्हा मानतात. फरगाना खोऱ्यातला नाच मऊ, मनगटं पाण्यासारखी फिरवणारा. बुखाऱ्याच्या नाचात हाताला घुंगरं बांधतात आणि अंगावर जरीचं जड काम असतं. तिसरी तऱ्हा ख्वारझमची, आणि तिचा जीव म्हणजे लाझगी. थरथरणं हाच तिचा प्राण. तिकडचे लोक सांगतात की थंडीने आखडून गेलेल्या माणसावर सकाळचं ऊन पडलं, आधी त्याची बोटं हलली, मग हात, मग सारं अंग मोकळं झालं, तीच ही लाझगी. वाळवंटातला हिवाळा ज्याने सोसला आहे त्यालाच अशी गोष्ट सुचावी. आम्हां कोकणातल्या माणसांना ऊन नकोसंच होतं.

लाझगी एकच नाही. ज्या वाद्यावर नाचतात त्यावरून तिचे प्रकार पडतात. दोन तारांच्या दुताराची वेगळी, सनईच्या जातीच्या सुर्नायची वेगळी. एका प्रकारात नाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत नदीतले दोन-दोन चपटे दगड असतात. त्यांना ‘कायराक’ म्हणतात. आपल्याकडे कीर्तनात चिपळ्या वाजवतात तसे ते दगड एका हातात धरून एकमेकांवर आपटायचे, पण इतके झरझर की पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. भाचीच्या व्हिडिओतलं लहान अकॉर्डियन म्हणजे ‘गार्मोन’. 1873 मध्ये रशियाने खिवा जिंकलं, त्यानंतर ते रशियनांबरोबर तिथे आलं आणि बायकांनी ते आपलंसं केलं. आपल्याकडची पेटीही अशीच साहेबाबरोबर आली. आता तिच्याशिवाय ना भजन होतं, ना कव्वाली.

आणि दफ. तिकडे त्याला ‘दोयरा’ म्हणतात, म्हणजे आपला ‘दायरा’, वर्तुळ. लाकडाचं कडं, एका बाजूने कातडं, आतल्या बाजूला ओळीने लोखंडी कड्या अडकवलेल्या. मध्यावर मारलं की ‘बुम’, कडेला मारलं की ‘बाक’. तबल्याचे बोल असतात तसे याचेही बोल तोंडपाठ करून घेतात. वाजवण्याआधी कातडं विस्तवावर शेकून ताणून घेतात.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी थांबले. कारण दफ शेकताना मी बघितला आहे.

माझ्या नानीचा दफ चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या जागी टांगलेला असे. आमच्या पावसात कातड्याचं काही टिकत नाही, म्हणून ती जागा. घराण्यात किंवा मोहल्ल्यात लग्न निघालं की नानी तो उतरवायची, जुन्या ओढणीने पुसायची आणि मेंदीच्या रात्री निखाऱ्यावर धरून कानाजवळ नेऊन टिचकी मारायची. कातडं ‘बोललं’ की मगच पडवीत येऊन बसायची. पुरुष पुढच्या खळ्यात मांडवाखाली, बायका मागच्या पडवीत. नानी ओळ धरायची, बाकीच्या झील ओढायच्या. नवरीच्या बापाचं, भावांचं, मामांचं नाव घेऊन गाणी रचलेली असत. विहिणीला चिमटे काढणारी गाणी असत. आणि पहाटेच्या सुमारास निरोपाचं एक गाणं असे, ज्याला नवरी रडायची, तिची आई रडायची आणि गाणारी नानीही रडायची. गाणं रंगात आलं की नानी दफ दुसरीच्या हाती देऊन उभी राहायची आणि एक हात वर करायची. तो काही नाच नव्हता, असं आजवर मला वाटत होतं. नुसती बोटं हलायची.

कोणी विचारलं की तुमच्याकडची ही गाणी कुठे गेली, तर मी आजपर्यंत एक ठरावीक उत्तर देत आले. जमाना बदलला. लोक गल्फला गेले. वातावरण कडक झालं. डीजे आला. यातलं सगळं खरं आहे. पण आमच्या घरातली गाणी यांपैकी कोणीही बंद केली नाहीत. ती मी बंद केली.

2004 मध्ये माझं लग्न झालं. बीएड होऊन नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरहून कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या. मेंदीच्या दिवशी नानी ओढणीत गुंडाळलेला दफ काखेत घेऊन रिक्षातून उतरली. मी अम्मीला बाजूला घेऊन म्हटलं, “नानीला सांग ना, आज ते नको. मैत्रिणी आहेत. हसतील.” अम्मीने कसं सांगितलं ठाऊक नाही. मी दारातून बघितलं, तेव्हा नानी तो परत ओढणीत गुंडाळत होती. ती “बरां” एवढंच म्हणाली. त्या रात्री भाड्याने आणलेल्या स्पीकरवर सिनेमाची गाणी लागली. मैत्रिणी खूश होत्या. नानी लवकर झोपली.

दोन वर्षांनी नानी गेली. त्यानंतर आमच्या घराण्यात तो दफ कोणी उतरवला नाही.

आता मला कळतं की मैत्रिणी हसल्या नसत्या. त्यांच्या गावी त्यांच्या आज्याही ओव्या म्हणत असतील. आमच्या दोडामार्गातच बघा. चतुर्थीला शेजारच्या वाडीत बायका फुगड्या घालतात, पौषात धालोसाठी मांडावर जमतात, रात्र रात्र गातात. त्यात पुरुषांचं काही काम नसतं. गोव्याच्या सरकारने 2019 मध्ये मातीच्या घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला. आपापलं जपायला कोणी लाजत नाही. मीच लाजले, आणि तेही शिकल्यामुळे.

तर पाचव्या दिवशी, रविवारी, मी स्कूटी काढून भेडशीला आपाकडे गेले. दुल्हाभाई काजूच्या बागेतून नुकतेच आले होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शांत माणूस. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते, पण त्यांनी मला तशी संधीच दिली नाही.

“बाय, तू शिकलेली आहेस,” ते म्हणाले. “मला सांग, लोकांच्या तोंडाला मी कसा लागू? मुलगी एकटी परमुलखात. कर्ज काढून पाठवली तेव्हाच लोक म्हणत होते, बघा, काय होतंय ते. आता त्यांनाच मी काय सांगू?”

त्यांचं भय खोटं नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहिते. ज्या बापाने एकुलती चांगली बाग गहाण ठेवून मुलीला शिकायला पाठवलं, त्याला मागासलेला म्हणायचा हक्क मला नाही.

मी विचारलं, “दुल्हाभाई, तुम्ही तो व्हिडिओ पुरता बघितलात का?”

नव्हता बघितला. ग्रुपवर गडबड झाली म्हणून नुसता उघडून बंद केला होता. त्यांना वाटलं होतं की नाचते आहे ती आपलीच पोर.

माझ्या मोबाइलमध्ये तो उतरवलेला होता. मी लावून त्यांच्या हातात दिला. ते बघत राहिले. डोकं झाकलेली म्हातारी, बायकांनी भरलेली खोली, बाहेरून येणारा पुरुषांच्या बोलण्याचा आवाज. शेवटी कॅमेरा वळतो आणि आरशात आमची भाची दिसते, हिजाब नीट बांधलेली, मोबाइल धरून उभी.

मग धर्माचा प्रश्न त्यांनीच काढला. तो टाळता येण्यासारखा नाही आणि टाळूही नये. मी मुफ्ती नाही. पण बुखारी शरीफमधल्या दोन रिवायती आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या आहेत. ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली दफ वाजवून गात होत्या. हजरत अबू बक्र (रजि.) रागावले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना गाऊ द्यायला सांगितलं, कारण तो ईदचा दिवस होता. आणि रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांच्या लग्नात मुली दफ वाजवत गात असताना प्रेषित (स.) स्वतः तिथे येऊन बसले होते. संगीताबद्दल उलेमांत मतभेद आहेत आणि राहतील. कोणती वाद्यं चालतील, कोणासमोर, कसे शब्द असावेत, याच्या मर्यादा प्रत्येक मसलक आपापल्या परीने सांगतो. पण निकाहाच्या खुशीत बायकांनी बायकांत दफावर चांगले शब्द गावेत, याला जागा नाही असं मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांनाही मी नंतर विचारलं. ते म्हणाले, “बाई, आधी तो डीजे बंद करा. मग दफाचं बोलू.”

दुल्हाभाईंना हे सांगून मी म्हटलं, “मागच्या महिन्यात तुमच्या पुतण्याच्या लग्नात रात्री बारापर्यंत डीजे होता. ग्रुपवर कोणी तौबा लिहिलं का?”

ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “फी भरतो. पण तिला सांग, असलं काही ग्रुपवर टाकू नको.”

मी तेवढ्यावर समाधान मानलं. त्या रात्री भाचीचा फोन आला. रडत होती, मग हसत होती. आणि मग तिने मला एक नाव सांगितलं, जे तिने त्याच दादींकडून ऐकलं होतं. नूरखान.

नूरखान युल्दाशेवा 1913 मध्ये फरगाना खोऱ्यातल्या मर्गिलान भागात जन्मली. ती वाढली तो काळ तिकडच्या बायकांसाठी फार कठीण होता. रशियन क्रांतीनंतर मध्य आशिया सोविएत सत्तेखाली आला. 8 मार्च 1927 रोजी तिथल्या कम्युनिस्ट सरकारने ‘हुजूम’ नावाची मोहीम सुरू केली. हुजूम म्हणजे चाल करून जाणं, हल्ला. बायकांनी भर चौकात ‘परंजी’ उतरवून जाळायची, अशा सभा भरवल्या गेल्या. काहींनी ती मनापासून उतरवली. काहींना उतरवावी लागली, कारण नवऱ्याची नोकरी सरकारच्या हातात होती. आणि सभेतून घरी परतलेल्या अनेक बायकांना त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच नात्यातल्या पुरुषांनी मारून टाकलं. नूरखान गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळीत सामील झाली होती. 1929 मध्ये तिच्या सख्ख्या भावाने तिला सुऱ्याने मारलं. ती सोळा वर्षांची होती.

एका बाजूने सरकार म्हणत होतं, उतरव. दुसऱ्या बाजूने घर म्हणत होतं, उतरवलंस तर जीव घेईन. दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही की बाई, तुला काय हवं आहे? हे वाचताना मला आपल्याकडच्या कितीतरी चर्चा आठवल्या. टीव्हीवरच्या आणि ग्रुपवरच्याही.

नूरखानच्याच वयाची, 1913 मध्येच जन्मलेली दुसरी मुलगी होती मुकर्रम तुर्गुनबायेवा. ती वाचली. पुढे 1957 मध्ये तिने ‘बहोर’ म्हणजे ‘बहार’ नावाचं मुलींचं नृत्यपथक उभं केलं आणि उझबेकी नाच देशोदेशी नेला. 1978 मध्ये ती वारली. त्यांच्याही आधीची तमारा खानम, मूळची अर्मेनियन, पण वाढली फरगाना खोऱ्यात. 1935 मध्ये लंडनच्या लोकनृत्य महोत्सवात ती नाचली, तेव्हा दोयरा वाजवायला उस्ता ओलिम कामिलोव होते. पिढ्यान् पिढ्या घरात ऐकलेले ताल त्या बुजुर्ग उस्तादांनी रंगमंचासाठी जुळवून दिले. एकीच्या वाट्याला सोळा वर्षं आली, दुसरीच्या पासष्ट. त्या उरलेल्या एकोणपन्नास वर्षांत नूरखानने काय केलं असतं, ते कोणालाच कळणार नाही.

पण भाचीच्या दादींना रंगमंचाचं फारसं कौतुक नाही. त्या म्हणतात, लाझगी थिएटरात नाही, घरात शिकतात. आणि ती घरात टिकली ती ‘खल्फां’मुळे. खल्फा हा शब्द आपल्या ‘खलिफा’वरूनच आला आहे. ख्वारझममध्ये लिहिता-वाचता येणाऱ्या, पाठांतर पक्कं असणाऱ्या बाईला खल्फा म्हणत. मयताच्या घरी बायकांत बसून दीनी कलाम म्हणणारी तीच, आणि लग्नघरी दोयरा-गार्मोन घेऊन गाणारीही तीच. सुखातही तिला बोलावणं, दुःखातही. एकाच तोंडून दुआ आणि गाणं निघतं याचं त्या बायकांना कधी नवल वाटलं नाही. सरकार आलं, गेलं. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला. खल्फा आपल्या खोल्यांत गात राहिल्या. 2019 मध्ये युनेस्कोने ख्वारझमच्या लाझगीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या कागदावर कोणाची नावं आहेत ते असो, माझ्या मनात ती यादी म्हणजे अशा खोल्यांमधल्या अनाम बायकांची हजेरी आहे.

माझी नानी मयताच्या घरी यासीन शरीफ म्हणायलाही जायची. आमच्याकडे तिला खल्फा म्हणायची रीत नव्हती, इतकंच.

या मे महिन्यात आपाच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मार्चमध्येच तिने जाहीर केलं, “मेंदीक माका डीजे नको. माका नानीची गाणी होयी.” आपा माझ्याकडे बघू लागली, मी अम्मीकडे. अम्मी म्हणाली, “माका खंय आठवतत आता!” पण रात्री पाणी प्यायला उठले, तर अम्मी अंधारात बिछान्यावर बसून हळूहळू काहीतरी पुटपुटत होती. तसबीह नव्हती ती.

आम्ही नानीच्या घरच्या माळ्यावरून दफ उतरवला. लाकडाचं कडं शाबूत होतं, कातडं उंदरांनी आणि ओलीने खाऊन टाकलं होतं. लग्न तोंडावर आलेलं, नवं कातडं ओढून मिळेना. मग मला त्या चपट्या दगडांची आठवण झाली. शाळेत सातवीच्या मुलांना ख्वारझमची गोष्ट सांगितली होती, तेव्हा तिलारी नदीच्या काठावर राहणाऱ्या दोन मुलांनी दुसऱ्याच दिवशी पिशवीभर गुळगुळीत दगड आणून टेबलावर ओतले होते. त्यातले चार निवडले. भाचीने फोनवर दाखवलं, बोटांत कसे धरायचे ते. आमच्या हातून पावसाची सर काही निघाली नाही, पण ठेका धरता आला. दफाच्या जागी घरातलं मोठं तांब्याचं ताट पालथं घातलं.

मेंदीच्या रात्री मागच्या पडवीत पंधरावीस बायका होत्या. पुढच्या खळ्यात पुरुष मांडवाखाली जेवणाच्या तयारीला लागलेले. अम्मीने पहिली ओळ धरली तेव्हा आवाज फाटला. दुसऱ्यांदा धरली. तिसऱ्या ओळीला, कोणाला वाटलंही नव्हतं अशी, आमची चुलत फुफी मागून झील ओढू लागली. तिला सगळं येत होतं. वीस वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

उझबेकिस्तानचं घड्याळ आपल्या फक्त अर्धा तास मागे. परीक्षा चालू असल्यामुळे भाचीला येता आलं नव्हतं. ती मोबाइलवर होती आणि तिच्या शेजारी पांढऱ्या रुमालातल्या दादी. आम्ही मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवला होता. अम्मीचं गाणं ऐकून दादी काहीतरी बोलल्या. भाचीने सांगितलं, “म्हणतात, दगड चांगले वाजवता, पण हात कुठे आहे?”

अम्मी जरा वेळ बसून राहिली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली, पदर नीट घेतला आणि उजवा हात वर केला. तिची बोटं हलू लागली. तिकडे पडद्यावर दादींची बोटं हलू लागली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी ताटावर ठेका धरून होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ओढणीत दफ गुंडाळणारी नानी होती. त्या रात्री मी तिची माफी मागितली. अल्लाह तिच्या कबरीत नूर भरो.

पहाटे निरोपाचं गाणं झालं. नवरी रडली, आपा रडली. मी बाहेर आले तेव्हा दुल्हाभाई पडवीच्या भिंतीला टेकून अंधारात एकटे उभे होते. मला बघून ते चालू लागले. मग थांबून, मागे न वळता म्हणाले, “हे शेवटचं माझी आई पण म्हणायची. तिच्यात अजून एक कडवं होतं.”

ते कडवं त्यांना आठवत नाही. आम्ही शोधतो आहोत. फुफीला अर्धं आठवतं. बांद्याला दुल्हाभाईंची एक मावशी आहे, नव्वदीची. तिच्याकडे पुढच्या रविवारी जायचं आहे.

मी एक दोनशे पानी वही केली आहे. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर कोणाकडून मिळालं, ती कुठली, कोणत्या लग्नात गायची, ते. आतापर्यंत चौदा गाणी लिहून झाली. काही देवनागरीत, काही उर्दूत, जशी ज्या बाईच्या तोंडी आली तशी. मोबाइलवर आवाजही उतरवून ठेवते, त्या बाईची परवानगी घेऊन. एकीने नको म्हटलं, तिचं नुसतं लिहून घेतलं. दफाच्या कड्यालाही आता बकऱ्याचं नवं कातडं ओढून घेतलं आहे.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरात कोणी दादी, नानी, फुफी असेल, जिला वीस वर्षांत कोणी विचारलेलं नाही. तुमच्या घरी काय चालतं, काय चालत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तिला एकदा विचारा, आणि विचारताना वही जवळ ठेवा. आमच्याकडे ते एक कडवं अजून सापडायचं आहे.